भार उभा, तरी फ्रेम आडवी सरकते: असमान कॉलमच्या पोर्टलचं मोमेंट डिस्ट्रिब्यूशन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उतारावरच्या प्लॉटवर एका गाळ्याची आरसीसी पोर्टल फ्रेम (दोन कॉलम आणि त्यांवर एक बीम) आहे. वरच्या अंगाचा कॉलम ४ मीटर, खालच्या अंगाचा ६ मीटर, दोन्ही २३० × ४५० मिलिमीटर. त्यांवर ६ मीटरचा २३० × ५७० चा बीम आणि बीमवर सगळं मिळून २० किलोन्यूटन प्रति मीटर. दोन्ही फूटिंग (कॉलमचे पाये) फिक्स्ड, म्हणजे अजिबात न फिरणारी, धरलीत. हाताने मोमेंट डिस्ट्रिब्यूशन (जॉइंटचा असमतोल फेऱ्याफेऱ्याने वाटत जायची पद्धत) केलं तेव्हा बीमच्या टोकांना वाकवणारे मोमेंट ३७.९ आणि २८.४ किलोन्यूटन-मीटर आले. स्टॅड या फ्रेम सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण २९ आणि ३४. टेबल पुन्हा पुन्हा तपासलंत, बेरजा जुळतात. मग चूक तुमची की सॉफ्टवेअरची? आणि कॉलेजात घोटून घेतलेली ही पद्धत आता कुणी खरंच वापरतं का?

आधी एक गोष्ट नीट बघा. दोन उत्तरांत नुसता आकड्यांचा फरक नाही, क्रम उलटा झालाय. तुमच्या टेबलात मोठा मोमेंट आखूड कॉलमच्या टोकाला आहे, स्टॅडमध्ये तो लांब कॉलमच्या टोकाला गेलाय. क्रम उलटला की बेरीज-वजाबाकीची चूक शोधत बसू नये; दोन वेगळ्या फ्रेम सोडवल्या गेल्यात असं समजावं. तुमचं टेबल बरोबर आहे आणि स्टॅडही बरोबर आहे. फक्त तुम्ही जी फ्रेम सोडवलीत तिला बीमच्या पातळीवर कुणीतरी आडवा टेकू दिलेला आहे. साइटवर तो टेकू नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘भार तर उभाच आहे, आडवा भार नाही, म्हणून स्वे धरला नाही.’ स्वे म्हणजे फ्रेमचं आडवं सरकणं. हे वाक्य मी नव्या इंजिनिअरांकडून इतक्यांदा ऐकलंय की तेवढ्यासाठीच हे उत्तर लांबवतोय. स्वे आहे की नाही हे भाराच्या दिशेवरून ठरत नाही. फ्रेम सिमेट्रिक असेल आणि भारही सिमेट्रिक असेल तर स्वे शून्य. दोन्हींपैकी एक जरी बिघडलं तर फ्रेम सरकते, मग भार कितीही उभा असो. अपवाद एकच: फ्रेमला शिअर वॉलने, ब्रेसिंगने किंवा शेजारच्या भक्कम बांधकामाने खरोखर धरून ठेवलेलं असणं.

आता तुमच्याच आकड्यांवर जाऊ. आखूड कॉलमचा पाया अ, त्याचा माथा ब, लांब कॉलमचा माथा क, पाया ड. बीमचा आय (मोमेंट ऑफ इनर्शिया) कॉलमच्या जवळपास दुप्पट आहे (५७० आणि ४५० च्या घनांचं गुणोत्तर काढा, २ च्या किंचित वर येतं). त्यामुळे स्टिफनेस (ताठपणा) म्हणजे आय भागिले लांबी असं धरलं की अब, बक, कड या तिघांचं प्रमाण ३ : ४ : २. म्हणजे ब जॉइंटला कॉलमचा वाटा ३/७, बीमचा ४/७. क ला बीमचा २/३, कॉलमचा १/३. बीमचे फिक्स्ड एंड मोमेंट (टोकं फिरूच दिली नाहीत तर येणारे) २० × ३६ / १२, म्हणजे ६०. क्लॉकवाइज धन धरलं तर ब ला -६०, क ला +६०.

पहिला फेरा: ब चं कुलूप काढलं, म्हणजे त्याला फिरू दिलं, की कॉलमला +२५.७१, बीमला +३४.२९. क ला बीमला -४०, कॉलमला -२०. अर्धे पलीकडच्या टोकांना गेले (कॅरी ओव्हर): अ ला १२.८६, ड ला -१०, बीमच्या क टोकाला १७.१४ आणि ब टोकाला -२०. दुसऱ्या फेऱ्यात ब च्या कॉलमला आणखी ८.५७, तिसऱ्यात २.४५, चौथ्यात ०.८२. बेरीज ३७.५५ झाली आणि पुढचं सगळं दशांशात. शेवटी कॉलमच्या टोकांना ब ला ३७.९, अ ला १८.९, क ला २८.४, ड ला १४.२ (क आणि ड चे ऋण, इथे चिन्ह सोडून लिहिलेत). तुमचे आकडे हेच आहेत. इथवर शंभर टक्के गुण.

पण इथे थांबायचं नसतं. आता दोन्ही कॉलमचा आडवा शिअर (कॉलममधला आडवा जोर) काढा. अब कॉलमच्या दोन टोकांची बेरीज ५६.८, भागिले ४, म्हणजे १४.२ किलोन्यूटन. कड ची बेरीज ४२.६, भागिले ६, म्हणजे ७.१. आखूड कॉलम बीमला १४.२ ने लांब कॉलमकडे ढकलतोय आणि लांब कॉलम उलट दिशेने फक्त ७.१ ने. बाहेरून आडवा भार शून्य. मग उरलेले ७.१ किलोन्यूटन कोण घेतंय? तोच तो न दिसणारा टेकू. तुमच्या टेबलातला प्रत्येक जॉइंट समतोलात होता, पण फ्रेम अख्खी समतोलात नव्हती. जॉइंटची बेरीज शून्य आली म्हणून समाधान मानायचं आणि शिअरची बेरीज बघायचीच नाही, ही सवय पुस्तकातल्या उदाहरणांनी लावलेली आहे. तिथे कंटिन्युअस बीम आधी येतो आणि त्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.

टेकू काढला की फ्रेम लांब कॉलमच्या दिशेने सरकणार. किती सरकणार ते आधी माहीत नसतं आणि ते लागतही नाही. कितीही सरकली असं मानून सुरुवात करायची. बीम आडवा दबत नाही असं धरलं तर दोन्ही माथे सारखेच सरकतात, म्हणून सरकण्यामुळे कॉलममध्ये येणारे फिक्स्ड एंड मोमेंट आय भागिले लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. इथे १/१६ आणि १/३६, म्हणजे ९ : ४. ही जागा जपा. घाईत इथे आय भागिले लांबी असं धरलं जातं, टेबल मस्त जुळतं आणि उत्तर चुकीचं येतं. आपण अब च्या दोन्ही टोकांना -९० आणि कड च्या दोन्ही टोकांना -४० घेऊ. बीमला काही नाही.

हेच वाटे वापरून पुन्हा टेबल केलं की अ ला -७१.८, ब ला -५३.७, क ला -३४.७, ड ला -३७.४ येतात. यांचा शिअर: अब मध्ये १२५.५ भागिले ४, म्हणजे ३१.४, कड मध्ये ७२.१ भागिले ६, म्हणजे १२.०. एकूण ४३.४ किलोन्यूटन. आपल्याला फक्त ७.१ घालवायचेत, म्हणून या सगळ्या टेबलाला ७.१०५ भागिले ४३.४, म्हणजे ०.१६४ ने गुणायचं आणि पहिल्या टेबलात मिळवायचं. अ ला १८.९ चे ७.२ होतात. ब ला ३७.९ चे २९.१. क ला २८.४ चे ३४.१. ड ला १४.२ चे २०.३. शिअर पुन्हा तपासा: ३६.३ भागिले ४ आणि ५४.४ भागिले ६, दोन्ही ९.०७. जुळलं. स्टॅडचं उत्तर हेच. उरलेला किरकोळ फरक स्टॅड मेंबरची लांबी दबणं आणि शिअरमुळे होणारं वाकणं धरतं त्याचा. हाताच्या पद्धतीत आपण ते सोडून देतो.

आता हे आकडे नुसते जुळले म्हणून पुढे जाऊ नका, काय झालं ते बघा. बीमच्या मध्यावरचा मोमेंट आधी ५६.८ होता, आता ५८.४. म्हणजे बीमच्या मध्याला स्वेचा पत्ताही लागला नाही. सगळा खेळ कॉलममध्ये आणि पायात झाला. आखूड कॉलमच्या पायाचा मोमेंट निम्म्याहून कमी झाला, लांब कॉलमच्या पायाचा ४० टक्क्यांहून जास्त वाढला. स्वे विसरून डिझाइन केलं असतं तर उताराच्या खालच्या अंगाचं फूटिंग, जिथे बहुतेक वेळा भराव असतो आणि मुरूम खोल लागतो, नेमकं तेच कमी पडलं असतं.

दुसरी गंमत त्या स्वेच्या टेबलातच आहे. ४३.४ किलोन्यूटनचा आडवा भार लावला तर आखूड कॉलम ३१.४ घेतो आणि लांब १२.०. म्हणजे भूकंपाचा भार बीमच्या पातळीवर आला तर ७२ टक्के एकट्या ४ मीटरच्या कॉलमवर. उभ्या भारात जो कॉलम सुटला असं वाटत होतं तोच इथे सापडतो. उतारावरच्या इमारतींत आखूड कॉलम आधी फुटतात त्याचं कारण हे, आणि भूकंपासाठीच्या बांधणीचा कोड आयएस १३९२० त्यांना पूर्ण उंचीभर जवळजवळ रिंगा मागतं ते याचसाठी. तुम्ही स्वेचं टेबल एकदा केलंत की आडव्या भाराचं उत्तर फुकटात मिळतं. कुठलाही आडवा भार असो, त्याच टेबलाला गुणायचं. स्टॅडमध्ये वीस लोड कॉम्बिनेशनच्या गर्दीत ही गोष्ट डोळ्यासमोर येत नाही.

इथवरचं गणित पक्कं. आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण २९.१ की २९.४ यापेक्षा ते कितीतरी मोठं आहे.

पहिलं म्हणजे फूटिंग. तुम्ही फिक्स्ड धरलंत. खडकात नीट बसवलेलं, आकाराने चांगलं फूटिंग असेल तर ठीक. काळ्या मातीवर किंवा भरावावर छोटं आयसोलेटेड फूटिंग असेल तर ते थोडं फिरतंच. दोन्ही पाय पूर्ण हिंज, म्हणजे मोकळेपणी फिरणारे, धरले तर याच फ्रेममध्ये ब ला २१.३, क ला ३१.९ आणि बीमच्या मध्याला ६३.४ येतात (हिंज असलेल्या कॉलमची स्टिफनेस पाऊणपट घ्यायची, मग पायाकडे कॅरी ओव्हर नाही). खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. माझी पद्धत अशी: छोट्या कामात दोन्ही टोकं सोडवायची, बीमचा मध्य हिंजच्या आकड्यावर आणि जॉइंट व फूटिंग फिक्स्डच्या आकड्यावर डिझाइन करायचं. चार सळ्या जास्त जातात, पण मातीच्या रिपोर्टवर वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतं. ग्राउंड बीम असेल तर चित्र पुन्हा बदलतं, तेव्हा त्याला मॉडेलमध्ये घ्याच.

दुसरं, बीम नेमका किती ताठ. तुम्ही २३० × ५७० चा नुसता आयत धरलात. त्यावर स्लॅब एकसंध ओतलेला असेल तर बीम टी आकाराचा होतो आणि त्याचा आय सहज दुप्पट होऊ शकतो. तो दुप्पट धरून पुन्हा सोडवलं तर ब ला २९ चे २० होतात, क ला ३४ चे २३, आणि मध्याचा ५८ वरून ६८ च्या पुढे जातो. बघा, तुमचा हाताचा आकडा आणि स्टॅडचा आकडा यांत जेवढी तफावत होती तेवढीच तफावत या एका गृहीतकाने आली! पण टोकांजवळ स्लॅब ताणात असतो, तिथे भेगा पडतात, त्यामुळे पूर्ण टी धरणंही खरं नाही. काँक्रीटच्या कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, पूर्ण सेक्शन, ट्रान्सफॉर्म्ड (सळ्याही धरून) किंवा क्रॅक्ड (भेगा धरून) यांपैकी कुठलाही आय घ्यायला मुभा आहे, पण सगळ्या मेंबरना एकाच पद्धतीने घ्या. भूकंपासाठी आयएस १८९३ ची २०१६ ची आवृत्ती बीमला ०.३५ पट आणि कॉलमला ०.७० पट आय घ्यायला सांगते. म्हणजे त्या केसमध्ये बीमचं कॉलमशी प्रमाणच निम्म्यावर येतं आणि वाटे नव्याने काढावे लागतात. मोमेंट डिस्ट्रिब्यूशन करणाऱ्याला हे लगेच समजतं, कारण तो वाटे स्वतः काढतो. सगळ्यांचा आय एकाच पटीने कमी झाला तर मोमेंट हलत नाहीत, फक्त सरकणं वाढतं. प्रमाण बदललं तरच मोमेंट बदलतात.

तिसरं थोडक्यात. हे सगळे मोमेंट सेंटर लाइनवरचे आहेत. कॉलमची ४५० ची बाजू फ्रेमच्या दिशेने असेल तर क ला कॉलमच्या तोंडाशी ३४.१ चे साधारण २१ उरतात. वरची सळी त्यावर ठरवायला कोड परवानगी देतो. कॉलमसाठी मात्र हा फायदा डोळे झाकून घेऊ नका.

आता, ही पद्धत कुणी वापरतं का. हार्डी क्रॉस यांनी इलिनॉय विद्यापीठात असताना १९३० मध्ये ही पद्धत जेमतेम दहा पानांच्या लेखात मांडली. त्याआधी स्लोप डिफ्लेक्शन होतं, पण चार-पाच गाळ्यांची फ्रेम घेतली की बरीच समीकरणं एकदम सोडवायची, तीही कागदावर. क्रॉस यांनी समीकरणंच काढून टाकली: सगळे जॉइंट कुलूपबंद करा, एकेक उघडा, असमतोल वाटा, अर्धं पलीकडे पाठवा, पुन्हा करा. हवी तेवढी अचूकता आली की थांबा. कॉम्प्युटर येईपर्यंतच्या काळातल्या कितीतरी काँक्रीट फ्रेम या टेबलांवर उभ्या आहेत.

पण मर्यादाही सांगतो. तुमच्या फ्रेमला एक मजला, म्हणून एक स्वे टेबल. तीन मजले असले की तीन स्वे टेबलं आणि शेवटी तीन समीकरणं, म्हणजे ज्यांच्यापासून पळालो तीच दारात. कानीची पद्धत, तीही फेऱ्यांचीच, स्वे फेऱ्यांमध्येच सामावून घेते म्हणून त्या काळी अनेकांना ती आवडायची. आज बहुमजली आडव्या भारासाठी हाताने संपूर्ण सोडवत बसावं असं मी कुणाला सांगणार नाही. उभ्या भारासाठी एक मजला आणि वरखालचे कॉलम तोडून घेतलेली सब्स्टिट्यूट फ्रेम, दोन फेरे, दहा मिनिटं, एवढं मात्र अजूनही करतो. स्टॅड किंवा ईटॅब्समध्ये कुणी चुकून बीमच्या टोकाला रिलीज (फिरायची मोकळीक) दिलेला असतो, कुणी कॉलम आडवा फिरवलेला असतो. रंगीत डायग्राममध्ये ते दिसत नाही, दोन फेऱ्यांच्या टेबलात मात्र आकडा ओरडून सांगतो.

बॉक्स कल्व्हर्टला (चौकोनी पेटीसारख्या मोरीला) तर ही पद्धत अजूनही एक्सेल शीटवर सर्रास चालते. तिथे फ्रेम आणि भार दोन्ही सिमेट्रिक असतात, म्हणून स्वे नाही. मधल्या अक्षावर अर्धा तोडून वरच्या आणि खालच्या स्लॅबची स्टिफनेस निम्मी घेतली की डावी-उजवी कॅरी ओव्हरही जाते. उरतात एका बाजूचे दोन कोपरे आणि मधली एक भिंत. पण एका अंगाला मातीचा दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी अशी केस आली की पुन्हा तोच प्रश्न: स्वे तपासलात का?

तुमच्या शंकेचं शेवटचं टोक, स्टॅडवर विश्वास ठेवायचा की टेबलावर. तपासणं सोपं आहे. स्टॅडमध्ये ब ला फक्त आडव्या दिशेचा आधार द्या, उभी हालचाल आणि फिरणं मोकळं ठेवा, पुन्हा रन करा. बीमच्या टोकांना ३७.९ आणि २८.४ च्या अगदी जवळचे आकडे यायला हवेत आणि त्या आधाराची रिअ‍ॅक्शन ७.१ किलोन्यूटनच्या आसपास, लांब कॉलमकडून आखूड कॉलमकडे. तसं आलं नाही तर मेंबर प्रॉपर्टी बघा. सगळ्यात आधी कॉलमचा बीटा अँगल, म्हणजे कॉलम स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरवलाय तो कोन. तुमच्या फ्रेमच्या दिशेने ४५० आहे की २३०, त्यावर सगळेच आकडे फिरतात.